देवाचा उजवा

कोकणातल्या कुडवळे गावी, रवळनाथाच्या देवळात केवलनाथ महाराजांचा मुक्काम होता, तेव्हाची ही गोष्ट.

शेवंती रोज महाराजांसाठी पेज घेऊन येई. सोबत तिची कृष्णी असे. पोरीला ऐकू सारे येई, पण जन्मापासून शब्द फुटला नव्हता. शेवंतीची थोरली जाऊ सगुणा निपुत्रिक होती. महाराज कृष्णीला मांडीवर घेत, तेव्हा सगुणाचा जीव जळे. मुकी का होईना, धाकटीची कूस उजवली होती.

"हिच्या वाचेसाठी कौल लावू का, महाराज?" शेवंतीने विचारले.

"लाव. मागताना कचरू नकोस. तो दयाळू आहे."

शेजारी बसलेली सगुणा हसली. "पोर दिलं ते कमी पडलं वाटतं. आता तिनं गाणीही म्हणायला हवीत."

"मागायला जागा ती एकच आहे, वहिनी," शेवंती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गुरव समई सारखी करायला वळला, तेवढ्यात सगुणाने आपल्या उजव्या हाताकडची पाकळी उचलली आणि फणसाचा चीक लावून पुन्हा चिकटवली.

शेवंतीने डोळे मिटले. थोड्याच वेळात गुरव म्हणाला, "उजवी पडली. देवानं कौल दिला."

मंडळी महाराजांना सांगायला सभामंडपात गेली. सगुणा गाभाऱ्यातच राहिली. चिकटलेली पाकळी कोणी पाहण्याआधी ती नखाने खरवडू लागली. मागे समई होती. पदर ज्योतीवर गेला ते तिला कळले नाही.

"काकी! पदर!"

उंबऱ्यात कृष्णी उभी होती. गुरवाने धावत येऊन घागर ओतली. शेवंती मात्र लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

सगुणा ओल्या लुगड्यानिशी महाराजांपुढे आली. "चीक मी लावला, महाराज. मग उजवी पडली कशी?"

"देव आपल्याकडे तोंड करून उभा असतो, सगुणा. तुझा उजवा तो त्याचा डावा."

"आणि पोरीनं पहिली हाक मला का मारली?"

"लेकराची हाक तुलाही हवी होती. पण देव देईल यावर तुझा भरवसा नव्हता. म्हणून दुसरीला मिळू नये, एवढंच मागत राहिलीस. त्याने तुझं न मागितलेलंही ऐकलं."

सगुणाने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. मग वळून ती शेवंतीपुढे वाकू लागली. शेवंतीने तिला वरच्या वर धरले आणि कृष्णीला तिच्या कडेवर दिले.