येतो म्हणणाऱ्यांच्या मेणबत्त्या

फार फार वर्षं झाली त्याला. बगळे तेव्हा माणसांशी बोलत, आणि माणसंही घटकाभर थांबून ऐकून घेत. लहानांनो, पुढे सरकून बसा. मोठ्यांनो, तुम्ही भिंतीला टेका हवं तर, पण घोरू नका.

एका खाडीच्या मुखाशी मिठागरांचं एक गाव होतं. गावाभोवती मातीचा लांबलचक बांध. बांधाच्या पलीकडे समुद्र, अलीकडे मिठाचे चौकोनी वाफे. वाफ्यांत बोटभर पाणी असे, आणि त्या बोटभर पाण्यात अख्खं आभाळ मावे. थंडीच्या दिवसांत सकाळी धुकं उतरलं की मग विचारू नका! वाफ्यांतून चालणारी माणसं ढगांतून चालल्यासारखी दिसत. पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं सुरू झालं, काही म्हणून कळत नसे.

गावात क्रुसापुढे हात जोडणारी घरं होती, तशी वेशीवरच्या देवीला नारळ फोडणारीही होती. क्रुसाचं देऊळ उंच टेकाडावर होतं, पांढऱ्याशुभ्र फरशीचं. कित्येक वर्षं ते ओस पडलं होतं. तिथं एक नवा पाद्रीबाबा आला.

माणूस भला. सात डोंगरांपलीकडच्या एका मठात त्याची सारी हयात पोथ्या उतरवून काढण्यात गेली होती. ह्या मुलखाची बोलीही तो पोथीतूनच शिकलेला. रूपं सगळी तोंडपाठ. मी येतो, तू येतोस, तो येतो. बोट ठेवायला जागा नाही. आपलं म्हणावं असं एक देऊळ मिळावं, एवढंच त्यानं जन्मभर देवाकडे मागितलं होतं, आणि ते पन्नाशीला टेकल्यावर मिळालं.

मिळालं खरं, पण अटीवर. सगळ्या देवळांवरचे थोरले म्हणजे महागुरुस्वामी. त्यांनी निघतानाच बजावलं होतं, "नाताळाला मी स्वतः होडीतून येईन. देवळात माणसं दिसली तर उत्तम. नाही दिसली, तर घंटा उतरवून नेईन, दाराला कुलूप घालीन, आणि तुम्ही आपले परत पोथ्यांपाशी."

पहिल्याच दिवशी रेमेतमाय नावाची एक म्हातारी सुक्या बोंबलांची जुडी घेऊन टेकाड चढून आली. जुडी ठेवली, पदराला हात पुसले आणि वळताना म्हणाली, "बरं, येते हं पाद्रीबाबा." मग बांधाचा राखणदार कैतान पाण्याची कावड घेऊन आला. तोही जाताना म्हणाला, "येतो हं." देवीला नारळ फोडणाऱ्यांपैकी कुंभार एक नवं मडकं देऊन गेला, तोही तेच म्हणाला. जो येई तो जाता जाता येतो म्हणे.

पाद्रीबाबा हरखून गेला. काय हे गाव! अजून बोलावणं केलं नाही, तर आपण होऊन येतो म्हणतात! हसू नका. पोथीत येतो म्हणजे येतो. दुसरं काय असणार?

देवळामागे मधाची पोळी होती. त्यांच्या मेणाच्या त्यानं मेणबत्त्या वळल्या, येतो म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या नावानं एक. एकेचाळीस झाल्या. रविवारी उजाडता उजाडता त्या बाकांवर ओळीनं लावल्या आणि दणदणीत घंटा वाजवली.

कुणी आलं नाही.

धुकं खिडकीतून आत आलं, बाकांवरून हिंडलं, मेणबत्त्यांशी जरा थबकलं आणि निघून गेलं. जळून जळून मेणबत्त्यांची थुटकं झाली. टाकवेनात, म्हणून पाद्रीबाबानं ती एका टोपलीत गोळा केली. दुसऱ्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तेच. आठ रविवार असे गेले आणि टोपली काठोकाठ भरली.

आठव्या रविवारी त्याच्या धीराचा बांध फुटला. मोकळ्या बाकांकडे बघत तो ओरडला, "सगळं गाव खोटारडं! एकजात खोटारडं!"

"अरे, हळू," खिडकीतून कुणीतरी म्हणालं. "मासे बिथरतात."

खिडकीच्या चौकटीत एक म्हातारा बगळा एका पायावर उभा होता.

"तूच सांग," पाद्रीबाबा म्हणाला, "मी रोज हात जोडून उभा राहतो. माझ्याकडे कुणी का येत नाही?"

"उभा तर मीही राहतो," बगळा म्हणाला. "डोळे मिटून राहतो, म्हणून लोक मला ढोंगी म्हणतात. ढोंगाला बगळ्याचंच नाव दिलंय मेल्यांनी. पण बाबा, मी पाण्यात उभा राहतो. माझे पाय ओले असतात. तुझे बघ." एवढं बोलून तो उडाला आणि धुक्यात मिसळून गेला.

पाद्रीबाबानं खाली पाहिलं. त्याचे जोडे आल्या दिवशी होते तसेच कोरे करकरीत होते.

तरीही तो खाली उतरला तो भांडायलाच, खोटं कशाला बोलू? तरातरा रेमेतमायच्या अंगणात जाऊन उभा राहिला. म्हातारी आंघोळीच्या घंगाळात पाय सोडून बसली होती. शेजारच्या दोघीतिघी तिथंच जाळी विणत होत्या.

"माय," तो म्हणाला, "आपण आठ वेळा येते म्हणालात. मी आठ मेणबत्त्या लावल्या. आपण एकदाही आला नाहीत."

रेमेतमायला आधी काही उमजेना. उमजलं तेव्हा ती अशी हसली, अशी हसली, की घंगाळातलं पाणी हिंदकळून बाहेर आलं. "अगो बायांनो, ऐकलंत का! अहो पाद्रीबाबा, निघताना जाते म्हणतं का कुणी? जाते म्हटलं की माणूस परत दिसत नाही. म्हणून येते म्हणायचं. आईच्या पोटातून शिकून येतो आम्ही हे."

पाद्रीबाबा कानापर्यंत लाल झाला. "पण मग देवळात का येत नाही कुणी?"

म्हातारीचं हसू थांबलं. तिनं एक पाय पाण्यातून वर काढला. टाचेला भेगा पडल्या होत्या, बोटाचं पेर आत जाईल एवढ्या, आणि त्यांच्या कडा मिठानं पांढऱ्या झाल्या होत्या.

"तुमची घंटा वाजते तेव्हा आम्ही वाफ्यात असतो. त्यात हे पाय घेऊन टेकाड चढायचं. वर गेलं की भेगा उलतात, रक्त येतं. मागच्या पाद्रीबाबाच्या वेळी एकदा फरशीवर डाग पडले. त्यांनी कपाळाला आठी घातली. तोंडानं नाही बोलले काही. पण आठी दिसते हो माणसाला! त्यानंतर कुणाला हिंमत झाली नाही."

पाद्रीबाबा त्या टाचेकडे बघत खाली बसला. भांडण कुठल्या कुठं गेलं. तो उठला, हात जोडले आणि पोथीतल्या शुद्ध बोलीत म्हणाला, "बरं माय, जातो."

"अगं बाई!" जाळीवाल्यांच्या हातातल्या सुया गळाल्या. रेमेतमाय तशाच ओल्या पायांनी धावली आणि तिनं त्याचा हात धरला. "आताच सांगितलं ना! भरल्या घरातून जातो म्हणता? बसा आधी. बसा म्हणते ना! घोटभर पाणी प्या. हां. आता उठा आणि नीट म्हणा."

"येतो," पाद्रीबाबा म्हणाला.

"या," म्हातारी म्हणाली.

तो टेकाड चढू लागला. वाफ्यांतलं आभाळ त्याच्या दोन्ही बाजूंनी चालत होतं. अर्ध्या वाटेवर तो थबकला. पोथीवाला माणूस तो! मी आता येतो म्हणालो, त्याच्या मनात आलं, म्हणजे मला यावं लागणार.

दुसऱ्या दिवशी तो खरोखर गेला, आणि थुटकांची टोपली घेऊन गेला. मठात थंडीनं बोटं फुटली की मेण आणि खोबरेल एकत्र कढवून लावत. त्यानं चुलीवर भांडं ठेवलं, मलम केलं आणि म्हातारीपुढे उकिडवा बसला.

"छे छे, पाद्रीबाबा! पायाला हात नका लावू तुम्ही!"

"माय, पाय पुढे करा."

मेणाचा वास घरभर पसरला. म्हातारीनं डोळे मिटले. कितीतरी वर्षांत तिच्या पायांना दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. तिला रडू आलं, आणि धूर फार झालाय म्हणून तिनं चुलीला शिव्या घातल्या.

निघताना तो म्हणाला, "येतो." अडकला! पुन्हा यावं लागलं. मग कैतानकडे गेला, कुंभाराकडे गेला. प्रत्येक दारात निघताना येतो म्हणावं लागे, आणि म्हटलं की पाळावं लागे. गावात थट्टाच सुरू झाली, "ह्या बाबाशी जपून हो! येतो म्हणतो आणि खरंच येतो!" तो भेगा भरी, दुखणाईताला पेज पाजी, वाफे तुडवायला उतरे. बोलीसुद्धा सैल झाली त्याची. थुटकं संपली तशा त्यानं नव्या मेणबत्त्याही कढवल्या. शेवटी वेदीवरची एक मोठी मेणबत्ती तेवढी उरली. ती महागुरुस्वामींसाठी होती.

देऊळ मात्र रिकामंच होतं. नाताळ जवळ येऊ लागला तसा पाद्रीबाबा एकेक दिवस मोजू लागला. हे देऊळ गेलं तर मग काय? पण या म्हणायला त्याची जीभ रेटेना. ज्यांच्या टाचा अजून भरल्या नाहीत त्यांना चढण कशी चढायला सांगायची? नाताळाच्या आदल्या दिवशी कैतानची एक टाच तेवढी राहिली होती. त्यानं मोठी मेणबत्तीही भांड्यात टाकली आणि निघताना कैतानला म्हणाला, "उद्या येतो."

नाताळाची सकाळ दाट धुक्यात उजाडली. समुद्राला उधाण होतं. पाद्रीबाबा देवळाच्या दारात उभा होता. दूर वल्ह्यांचा आवाज येत होता, महागुरुस्वामींच्या होडीचा. तेवढ्यात खालून कैतानची हाक आली, "बांध फुटला! धावा, बांध फुटला!"

बांधाच्या आत गावाचं एकच गोडं तळं होतं. खारं पाणी तिथवर पोचलं असतं, तर गावाला वर्षभर प्यायला थेंब मिळाला नसता.

पाद्रीबाबानं होडीच्या दिशेनं पाहिलं. मग आत धावला, जीव खाऊन घंटा बडवली, सगळ्या गावाला जाग आणली, झगा कमरेला खोचला आणि टेकाड उतरत सुटला. कैतानला येतो म्हणाला होता ना!

महागुरुस्वामी वर आले तेव्हा देवळात ना माणूस, ना मेणबत्ती, ना पाद्री. दारात बगळा एका पायावर उभा.

"इथला पाद्री कुठाय?" त्यांनी रागानं विचारलं.

"पाय ओले करतोय," बगळा म्हणाला, आणि त्यानं चोच बांधाकडे वळवली.

स्वामी उतरले. धुक्यात माणसांची रांगच्या रांग उभी होती, क्रुसाची आणि देवीची माणसं खांद्याला खांदा लावून. चिखलाच्या पाट्या हातोहात सरकत होत्या. मध्ये कमरेइतक्या पाण्यात पाद्रीबाबा होता. रेमेतमायच्या शेजारी रांगेत एक जागा मोकळी होती. म्हातारीनं स्वामींकडे नजर टाकली, कोण ते न ओळखताच खेकसली, "बघत काय उभे राहिलात? धरा की!" स्वामींनी पाटी धरली.

दुपारी बांध बुजला. तळं वाचलं. सगळी जणं मटकन खाली बसली. तेव्हा कुठं पाद्रीबाबानं स्वामींना ओळखलं.

"देवळात एकही मेणबत्ती नाही," स्वामी म्हणाले.

"सरल्या, स्वामी."

"सरल्या नाहीत काही," रेमेतमाय मध्येच म्हणाली. तिनं पायाचा चिखल पुसला आणि टाच पुढे केली, बाळाच्या टाचेसारखी मऊ. "ही घ्या, इथं आहेत." मग कैताननं टाच दाखवली, कुंभारानं दाखवली. धुक्यातून एकेक पाय पुढे येऊ लागला. स्वामी वाकून एकेक टाच बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते.

पण पाद्रीबाबानं मान खाली घातली. अट ती अट. देऊळ गेलं, असंच त्याच्या मनानं घेतलं. "मंडळी," तो म्हणाला, "स्वामींना कुलपाची किल्ली द्यायचीय. बरं..." जातो हा शब्द त्याच्या ओठांवर आला. तो त्यानं गिळला, आणि म्हणाला, "येतो."

"थांबा," रेमेतमाय उठली. "आम्हीही येतो."

आणि काय सांगू, ह्या वेळी येतो म्हणजे येतोच होता! सगळं गाव त्याच्या मागोमाग टेकाड चढलं. पांढरी फरशी चिखलानं माखून गेली, पण रक्ताचा एक थेंब कुठं पडला नाही. बाकं भरली. देवीची माणसं पायऱ्यांवर बसली. स्वामींनाच बसायला जागा उरली नाही, म्हणून ते घंटेपाशी जाऊन उभे राहिले. जी घंटा उतरवायला आले होते, ती त्यांनी स्वतःच्या हातांनी वाजवली.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: दुसऱ्याला या म्हणण्याआधी आपण त्याच्या दारात येतो म्हणावं, आणि म्हटलं की जावं.