म्हाळबा आणि तात्यांच्या गाडीचा डेलको

एका गावात म्हाळबा नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं काम तो कधी टाळायचा नाही. तेवढीच काय ती त्याची खोड.

म्हाळबा हसनमिस्त्रीच्या गॅरेजात हाताखाली राबायचा. त्याच्या भाचीचं, रखमाचं, लग्न ठरलं. अक्का त्याला म्हणाली, "म्हाळू, माझी लेक गाडीतूनच सासरी गेली पाहिजे. व्याह्यांना तसा शब्द दिलाय. एवढं एक नीट कर रे बाबा."

"करतो की," म्हाळबा म्हणाला.

गावात गाडी एकच. तात्या देसायांची, आजोबांच्या वेळची, काळीभोर. तात्या गाडी द्यायला तयार होते, पण गाडी हलायला तयार नव्हती. नुसती खोकायची.

मिस्त्रीनं बॉनेट उघडून बघितलं. "डेलकोचं दुखणं आहे."

डेलको म्हणजे काळ्या टोपणाचा डबा. इंजिनाला ठिणगी वाटून देतो तो. त्याच्या आतले पॉइंट जळून काळे पडले होते.

"म्हाळबा, मी जेवून येतो. काळं दिसेल ते पॉलिश पेपरनं घास. लख्ख झालं पाहिजे."

म्हाळबानं पॉइंट घासले. लख्ख झाले. मग त्यानं मान वर केली. सगळी गाडीच काळी! बॉनेट घासून झालं, दारं घासून झाली. टायर मात्र काही केल्या लख्ख होईनात.

तात्या आले ते मटकन खालीच बसले.

"अरे शहाण्या," मिस्त्री म्हणाला, "घासायचे फक्त पॉइंट! बाकीचं फडक्यानं कोरडं करायचं. ओल राहिली की गाडी अडते."

बरोबर आहे, म्हाळबा मनात म्हणाला. त्यानं डेलको पुसून कोरडा केला. मग रेडिएटरमध्ये डोकावला. आत पाणीच पाणी! त्यानं ते सगळं सोडून दिलं. मिस्त्रीचा चहा आला होता, तोही ओतून कप पुसून ठेवला.

"पाणी कुठं गेलं? आणि माझा चहा?"

"ओल होती, मिस्त्री."

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. "जे जिथून काढलं ते तिथंच परत गेलं पाहिजे! हे बघ, मी डेलको काढतोय. आधी ह्याला खडूची रेघ, मग इंजिनाला खडूची रेघ. बसवताना रेघेला रेघ मिळाली की झालं."

म्हाळबानं नीट बघून घेतलं. तेवढ्यात मागचं चाक बसलं. मिस्त्रीनं टायरातून हा एवढा खिळा उपसला आणि पंक्चर काढलं. मिस्त्रीची पाठ वळल्यावर म्हाळबानं खिळा उचलला, जागा शोधली आणि हातोडीनं परत ठोकला. फुस्स!

"अरे देवा! हे खिळ्याला नाही रे!" मिस्त्री जवळजवळ रडायलाच आला. "जे आपण जिवापाड जपून काढतो ना, त्यालाच हा नियम!"

"असं होय," म्हाळबा म्हणाला. "आता ध्यानात आलं."

आणि खरंच आलं. लग्नाच्या दिवशी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली. लग्न दोन गावांच्या मधल्या देवळात. म्हाळबानं आधी रखमाला घरून नेलं. अक्कानं बजावलं, "जिवापाड जपून ने हो!" मग तो पलीकडच्या गावाहून नवरदेवाला घेऊन आला. नवरदेवाची आईही तेच म्हणाली. दोन्हीकडं निघताना म्हाळबानं खिशातून खडू काढला तो कुणाच्या लक्षात आला नाही.

अक्षता पडल्या. जेवणं झाली. अक्का लेकीच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "म्हाळू, शब्द राखलास रे!" गाडी ऐटीत निघाली.

पलीकडच्या गावात नवरदेवाची आई दारात उभी होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप, हातात ओवाळणीचं तबक. गाडी थांबली. नवरदेव उतरला. एकटाच.

"सून कुठाय?"

नवरदेव म्हणाला, "तिला तिच्या घरी सोडली. मला वाटलं, ह्यांच्यात रीतच असेल."

म्हाळबानं नवरदेवाला दंडाला धरून उंबऱ्याशी नेलं. थोडं डावीकडं सरकवलं. थोडं मागं. कोटावरची रेघ उंबऱ्यावरच्या रेघेला मिळाली तेव्हा कुठं तो हसला.

"पोरगी पण अशीच बसवून आलोय, आई. रेघेला रेघ. आता काळजी नको. मिस्त्री म्हणतो, असं बसवलं की दहा वर्षं हलत नाही!"