उलट्या पावलांचा दोर

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरझिरच्या टेकडीवर आज जो जुना निंब आहे, तो तेव्हा उगवलासुद्धा नव्हता.

बोरझिर सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन कामं असतात. सकाळी घरातल्या वारलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची, आणि मग माहेरी आलेल्या लेकींनी झोके घ्यायचे. पण आखाजी येते भर उन्हाळ्यात. विहिरी खोल जातात, आणि घरातला होता नव्हता तेवढा दोर पोहऱ्याला जोडावा लागतो. मग झोक्याला दोर कुठून उरणार? मोठ्या घरांच्या अंगणात तेवढे झोके असायचे. बाकीच्या लेकी फाटकाशी उभ्या राहून बघायच्या.

त्या गावात धुडकू नावाचा दोर वळणारा होता. त्याला बायको नव्हती, एकच लेक होती, मथी. दोर वळायला दोन माणसं लागतात. एकाने बसून चाक फिरवायचं, दुसऱ्याने कमरेला वाख, म्हणजे अंबाडीचे सोललेले तंतू, गुंडाळून, त्यांना पीळ देत देत मागे मागे चालायचं. मथी चाकावर बसायची आणि धुडकू उलट्या पावलांनी चालायचा. दिवसभर बापाच्या डोळ्यांसमोर लेकीचा चेहरा असायचा.

लग्न झाल्यावर पहिल्या आखाजीला मथी माहेरी आली. फाटकाशी उभ्या लेकी तिने पाहिल्या आणि म्हणाली, "बापू, वाख गावाचा, हात आपले. सगळ्यांसाठी झोके बांधू."

तेव्हापासून आखाजीच्या आधी घरोघरून एकेक मूठ वाख धुडकूच्या दारात यायचा. कोणाची मूठ मोठी, कोणाची लहान, ते कोणी बघत नसे. सगळ्यांच्या वाखाचा एकच दोर व्हायचा. नदीकाठच्या झाडांना झोके लागायचे, आणि ज्या लेकीला बसायचं तिने बसावं. तू कोणाची, असं कोणी विचारत नसे.

अशी सात वर्षं गेली. आठव्या वर्षी पौषात सासरहून निरोप आला. मथी तापाने गेली होती.

त्या वर्षी धुडकूच्या दारात वाख आला नाही. गावाला वाटलं, दुःखातल्या माणसाकडे झोक्याचा दोर मागायचा कसा? धुडकूला वाटलं, दुःखाच्या घरचा दोर गावाला नको आहे. दोघंही एकमेकांना जपत गप्प राहिले. आखाजी तोंडावर आली. लेकी गाठोडी घेऊन येऊ लागल्या, आणि मोकळी झाडं बघून काही न विचारता घरात गेल्या.

झेलामाय नावाची एक म्हातारी होती, तोंडाने फटकळ. ती आखाजीच्या आदल्या दिवशी भल्या पहाटे वाखाची मूठ घेऊन धुडकूच्या दारात गेली.

"काय रे, चाकाला पानं फुटायची वाट बघतोस का?"

"माझ्या घरचा दोर यंदा कोणाला चालायचा नाही, माय."

"असं कोण म्हणालं?"

"कोणी काहीच म्हणालं नाही."

"हां. तू रडशील म्हणून गाव बोललं नाही, आणि गाव बोललं नाही म्हणून तू बसून राहिलास. चांगलं चाललंय."

धुडकूने चाकावरची धूळ हाताने पुसली. मग म्हणाला, "चाकावर कोण बसेल?"

"मी बसते. गुडघे मोडले तर तूच बांधून दे, दोर तुझ्याकडे आहेच."

म्हातारी बसली. चाक फिरलं. तो आवाज ऐकून गाव जागं झालं आणि घरोघरून वाख आला. धुडकूने तो कमरेला गुंडाळला आणि मागे चालू लागला. झेलामाय दमली तेव्हा एक माहेरवाशीण बसली, ती दमल्यावर दुसरी. असं म्हणतात, की जी कोणी चाकावर बसे, तिच्या जागी धुडकूला मथी दिसे. म्हणून तो थांबला नाही. तो देवळापाशी गेला, गावाच्या शिवेपाशी गेला, नदीच्या कोरड्या वाळूतून गेला. दृष्टी पुढे, पावलं मागे. असं म्हणतात, की कमरेचा वाख सरला नाही आणि एवढा लांब दोर कुठे तुटला नाही. तो दिसेनासा झाला तरी लेकींनी चाक सोडलं नाही, कारण दोर त्यांच्या हाताखाली थरथरत होता.

दिवस कलला आणि दोर स्थिर झाला.

माणसं दोर धरून चालत गेली. टेकडीवर कालपर्यंत काही नव्हतं. तिथे निंबाचं एक कोवळं झाड उभं होतं, आणि दोराचं टोक त्याला धुडकूच्या गाठीने बांधलेलं होतं. धुडकू नव्हता. त्याची पावलं झाडापर्यंत आलेली होती, पुढे गेलेली नव्हती.

गावाने तो दोर तिहेरी वळला. असं म्हणतात, की दुसऱ्या दिवशी गावातल्या प्रत्येक झाडाला झोका होता आणि एकही लेक उभी राहिली नाही.

आता बाजारात हवा तसा दोर मिळतो. तरी बोरझिरला आखाजीच्या आदल्या दिवशी घरोघरून मूठभर वाख येतो. चाक टेकडीवरच्या निंबापासून शंभर पावलांवर मांडतात. ज्या घरात वर्षभरात कोणी गेलं असेल, त्या घरच्या माणसाने दोर वळत मागे चालायचं. लेकी पाळीपाळीने चाकावर बसतात, म्हणजे त्याच्या समोर कोणीतरी असतं.

आणि निंबाखाली एकजण आधीपासून उभा असतो. चालणारा जवळ आला, की तो त्याच्या पाठीवर हात ठेवतो आणि म्हणतो, "बस झालं, भाऊ. आलास."

धुडकूच्या मागे त्या दिवशी कोणी उभं नव्हतं.