चौथ्या फळीचा घाव

वाकेश्वरच्या गंधीआळीत जुन्या दुकानांची तोंडं पुन्हा पहिल्यासारखी करायचं काम चाललंय. पत्रे उतरले, खालून नक्षीच्या तुळया निघाल्या, सागवानाला तेलपाणी झालं. पण कोपऱ्यावरच्या दुकानाच्या चौथ्या फळीला कुऱ्हाडीचा घाव आहे, तो मात्र तसाच. सुतार घावात लांबी भरायला बसला, तर आळीतल्या अनसूयाकाकू म्हणाल्या, "सगळं नवं कर बाबा, तेवढं बुजवू नको." बघायला आलेल्यांना मग काकूच त्याची गोष्ट सांगतात.

फार मागे या दुकानात विसाशेट गंधी बसायचा. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग, बाळगुटीचं सगळं त्याच्याकडे मिळे. माणूस वाईट नव्हता, असं सांगतात. त्या दिवशी नुसता दमला होता. श्रावणातला बाजार, पहाटेपासून उभा, दुपार कलली तरी पोटात अन्न नाही. तो फळ्या लावायला उठला. तेव्हा दुकानं अशीच बंद होत. खाचेत एकापाठोपाठ एक पाच फळ्या सरकवायच्या, प्रत्येकीवर आकडा, जिची जागा तिलाच.

तीन लागल्या आणि त्याला ओढ्यावरच्या साकवावरून एक बाई येताना दिसली. पलीकडच्या वाडीतली लेकुरवाळी. पोर पदराखाली. विसाशेटच्या कपाळाला आठी पडली. ही बाई एक मुळी घ्यायला दहा हुंगायची. "आली आता, दिवे लागेस्तोवर बसते," असं पुटपुटत त्याने हाताला लागली ती फळी घेतली. चौथीच्या जागी पाचवी गेली. मग चौथी शेवटच्या जागेत बसेना. पावसाने लाकूड फुगलेलं. त्याने बुक्क्या मारून मारून बसवली आणि आत श्वास रोखून उभा राहिला.

"शेटजी, अहो पोराचं पोट धरलंय. पाय पोटाशी घेतंय नुसतं. एवढी मुरुडशेंग द्या हो."

आतून त्याची बायको सगुणाबाई म्हणाली, "अहो, कुणीतरी हाक मारतंय."

"ताट वाढ. उद्या ये म्हणावं."

"पोराचं पोट थांबतंय होय उद्यापर्यंत?"

तो पानावर बसला. पण घास तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. बाहेर पोर रडत होतं तोवर ठीक होतं म्हणे. रडणं थांबलं, तसा तो उठला.

फळी हलेना. दोघांनी मिळून ओढली, हलेना. मागच्या दाराशी ओढा फुगलेला, तिकडून वाट नाही. "थांब गं बाई, काढतो, थांब!" असं ओरडत त्याने शेवटी कुऱ्हाड घातली. फळी निखळली तेव्हा हातात मुरुडशेंग घट्ट धरूनच तो बाहेर पडला. पायरीवर पोराची कुंची पडली होती, भिजलेली. बाई नव्हती.

साकव पाण्याखाली गेला होता. ती आधीच पार झाली, की दुसऱ्या वाटेने गेली, कुणी बघितलं नाही. पाणी ओसरल्यावर तो वाडीत गेला, तर घराला कडी. कुणी म्हणालं पोर वाचलं, माहेरी गेली. कुणी म्हणालं, नाही वाचलं. खरं काय ते त्याला जन्मात कळलं नाही. कळलं असतं तर रडून मोकळा तरी झाला असता, असं अनसूयाकाकू म्हणतात. पुढे दर बाजारी तो मुरुडशेंगेची पुडी बांधून ठेवी आणि शेवटची फळी लावायच्या आधी साकवाकडे बघून विचारी, "कुणी राहिलं का?" म्हातारा झाला, आवाज बसला, तेव्हा शेजारचे दुकानदार त्याच्यासाठी हाक देऊ लागले.

आजही गंधीआळीत शेवटची फळी हातात धरून प्रत्येक दुकानदार साकवाकडे तोंड करतो आणि विचारतो, "कुणी राहिलं का?" कुणी नसतंच. तरी तो जरा थांबतो. मगच फळी लावतो, आणि तीही हलकेच. ठोकत नाही.