बापाकडची नावं

घोडे आपसांत बोलत त्या काळी एका पागेत दिलावर नावाचा म्हातारा घोडा होता. भरात असताना त्याने एकही शर्यत गमावली नव्हती. आता शिंगराची वंशावळ ऐकून तो सांगे, कुणाला शर्यतीत उतरवायचं आणि कुणाला टांग्याला जुंपायचं. त्याची स्वतःची पोरं कुठकुठल्या पागांत वाढत होती, हे मात्र त्याने कधी विचारलं नव्हतं.

एके सकाळी दूरच्या पागेतून चंद्रकोर घोडी आपलं शिंगरू घेऊन आली. शिंगरू सुसाट पळालं, पण वळण आलं की कचरायचं. रिवाजाप्रमाणे चंद्रकोरने आधी आईकडची नावं सांगितली. आजी, पणजी, सगळ्या नावाजलेल्या.

"मग खोट बापात आहे!" दिलावर फुरफुरला. "भित्र्या रक्ताचं आहे हे. बापाकडची नावं ऐकवूसुद्धा नकोस. जुंपा टांग्याला!"

चंद्रकोरने मान खाली घातली. शिंगरू मात्र दिलावरच्या पायाला नाक घासत म्हणालं, "आई, हेच ना बाबा? लहानपणी वळणावर घाबरायचे ते?"

दिलावरचे कान गरम झाले. पागेत कुणीच हसलं नाही. कुणी हसलं असतं, तर त्याला बरं वाटलं असतं.