घाम बंद, जीभ चालू

ऐन वैशाखात सरदार बहिर्जीरावांनी हुकूम काढला, "पालखीच्या ज्या भोयाच्या अंगावर घाम दिसेल, त्याची चाकरी गेली!"

म्होरक्या सिदोजी भोई हबकला. पण दुसऱ्या दिवशी व्याह्यांच्या दारात पालखी टेकवताच चौघाही भोयांनी पंच्यानं अंग खसाखसा पुसलं आणि जीभ बाहेर काढून धापा टाकायला सुरुवात केली. वऱ्हाड खिदळलं.

"कुत्री आहात काय रे?" सरदार खेकसले.

सिदोजी म्हणाला, "सरकार, घाम अंगावर वाळला की अंग गार होतं. कुत्र्याला अंगभर घाम फुटत नाही, म्हणून ते बिचारं जिभेवर भागवतं. घाम आपण बंद केलात, मग आम्हीही जिभेवर आलो."

व्याह्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे पालखीला कुत्री जुंपलीत होय?"

सरदारांनी हुकूम तिथंच मागं घेतला.