वाळूवरची रांग

समुद्राकाठी एक गाव होतं, फार जुनं. तिथे सगळे मिळून एकच मोठं जाळं ओढत आणि मासळीचे वाटे करत. केस पिकले की तांडेल, म्हणजे जाळ्याचा म्होरक्या, हातात नारळ द्यायचा. मग दोर सोडायचा, वाळूवर बसायचं, आणि मरेपर्यंत वाटा घरपोच.

द्वारकीला उद्या नारळ मिळणार होता. जन्मभर ओढून तिचे गुडघे गेले होते. पण तिला आनंद काही होईना. दोराला हात कमी, वाळूवर बसलेल्या म्हाताऱ्यांची रांग लांबच लांब. पोरं कुरकुरत होती, काही घरं दुसऱ्या किनाऱ्याला निघूनही गेली. तरी टोपल्या भरलेल्याच. हे कसं काय, याचा तिला घोर लागला.

आंधळ्या काकाची टोपली पोचवताना तिने खाली हात घातला. वर दोनचार बांगडे, खाली सगळी बोटाएवढी पिल्लं. जाऊन जाळं बघितलं, तर भोकं बारीक विणलेली.

तिने तांडेलाला गाठलं. तो मान खाली घालून म्हणाला, वाटा कमी केला तर म्हातारे शिव्या घालतात, जास्त ओढा म्हटलं तर पोरं गाव सोडतात. "पिल्लं तेवढी बोलत नाहीत, द्वारकीबाय."

"अरे, पुढच्या सालचं खातोयस. माझ्या नातवाने काय नुसती वाळू ओढायची?"

दुसऱ्या दिवशी नारळ हातात आला. गुडघे म्हणत होते, बस. तिने तो तांडेलाला परत दिला. "ठेव. गुडघे पार मोडले की मागेन. तेव्हा नाही म्हणू नकोस." आणि पिल्लांची गोष्ट सगळ्यांना सांगून टाकली.

रांगेतला एक धट्टाकट्टा म्हातारा उसळला, आम्ही ओढलं ते काय फुकट?

"फुकट नाही, बाबा. पण परवा जत्रेत नाचलास तेव्हा कंबर कुठे होती तुझी? काकाला दिसत नाही, तो बसेल. तू दोर धर."

लोक हसले. तो बडबडत उठला. काही उठले, काही तिच्याशी कायमचे बोलायचे थांबले. जाळं मोठ्या भोकांचं विणलं. त्या दिवशी वाटे लहान झाले, तांडेलाचासुद्धा.

काकाने टोपली चाचपली. "कमी आहे गं."

"कमी आहे. पण मासा चाचपून बघ, हाताएवढा आहे."

"उद्या मिळेल ना?"

द्वारकीने टोपली त्याच्या मांडीवर नीट ठेवली. मग म्हणाली, "मिळावा म्हणून तर दोराला उभी आहे."

तात्पर्य एवढंच, आणि नीट ऐका: म्हातारपणाच्या घासाचा शब्द पाळायचा तर अंगात बळ आहे तोवर दोराला हात लावावा लागतो. पोरांच्या वाटची पिल्लं टोपलीत भरून शब्द पाळला म्हणणारा सगळ्यांनाच फसवतो.